हवा विकत मिळते, हात नाही

दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून त्यांत उजवं-डावं केल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही, अशी माणसं गिरगावात पहिल्यापासून आहेत. कुणी देवगड की रत्नागिरी यावर अख्खा मे महिना काढतो. कुणी फियाट की ॲम्बेसेडर यावर जन्म काढतो, दारात सायकलसुद्धा नसताना. फणसवाडीतल्या आमच्या आप्पांचा विषय मात्र वाडीत दुसऱ्या कुणाचा नाही. नेमबाजीच्या स्पर्धेला एअर रायफल स्प्रिंगची बरी, की आधीच हवा भरून ठेवलेली?

हा प्रश्न त्यांना कुणीही विचारलेला नसतो. तुम्ही नळाला पाणी आलं का विचारा. "पाण्याचं सोड," आप्पा चष्मा कपाळावर चढवणार, "प्रेशर कसं आहे? कारण प्रेशर म्हटलं की आलं 200 बार. गाडीच्या चाकात किती असतं? दोन-सव्वादोन. आणि ही पोरं त्याच्या नव्वद पट हवा गालाखाली घेऊन उभी राहतात!" मग तुमची बादली भरून वाहिली तरी सुटका नाही.

कॉलेजात असताना आप्पा एनसीसीत होते. तिथून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जायला लागले, आणि बँकेतली नोकरी संपली तरी रेंज काही डोक्यातून गेली नाही. पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळलेली, त्यांची सेकंडहँड जर्मन फाइनवेर्कबाउ 300 आहे. दसऱ्याला तिला झेंडूचं फूल वाहतात. त्या दिवशी घरातल्या मिक्सरलाही फूल मिळतं, पण ते वहिनी वाहतात.

एकदा 'विनय'मध्ये मिसळ खाता खाता त्यांनी मला धक्क्याचं शास्त्र समजावलं. पावाला मधोमध चीर पाडली, तिच्यात चमचा खुपसला. "हा पाव म्हणजे बंदूक, चमचा म्हणजे दट्ट्या. घोडा दाबलास, स्प्रिंगने दट्ट्या पुढे फेकला, म्हणून बंदूक मागे. दट्ट्या टोकाला दाबल्या हवेवर आपटला, म्हणून बंदूक पुढे. आणि एवढी सगळी भानगड होईपर्यंत छर्रा कुठे? अजून नळीतच!" हे सांगताना चमचा खरोखरच पुढे गेला आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या सदऱ्यावर तर्री उडाली. आप्पांनी माफी मागितली, पण "बघा, स्प्रिंगला धरणं अवघड असतं ते असं," एवढं त्यांनाही ऐकवलंच.

"मग तुमच्या फाइनवेर्कबाउला धक्का कसा बसत नाही?" मी भाबडेपणाने विचारलं. त्यांना हेच हवं होतं. ती दस्त्यावरच्या रुळांवरून मागे सरकते, त्यामुळे गालाला नि खांद्याला काही कळत नाही. डायना कंपनीवाल्यांनी तर दोन दट्टे उलटसुलट दिशांना पळवले, एकाचा धक्का दुसऱ्याने खायचा. "केवढं डोकं लावलंय बघ! आणि या हवावाल्यांनी काय केलं? हवेचं नळकांडं लावलं."

आप्पांची एक दोनशे पानी वही आहे. मधोमध रेघ, डावीकडे 'स्प्रिंग', उजवीकडे 'हवा'. डावीकडे: पंप नको, सिलिंडर नको, दांडा ओढला की काम झालं. उजवीकडे: धक्का नाही, छर्रा नळीतून झटकन बाहेर, प्रत्येक शॉटला तोच वेग. मग परत डावीकडे, जरा मोठ्या अक्षरात: 'मुंबईच्या पावसाळ्यात हातपंपाने हवा भराल तर नळकांड्यात पाणी भराल.' उजवी बाजू लांबत चालली की आप्पा डावीकडे काहीतरी शोधून काढतात. बेरीज कधीच होत नाही.

स्पर्धांतून स्प्रिंग कधीच हद्दपार झाली, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण कुणाचंही यश ते स्वतःच्या बाजूला वळवून घेतात. अंजली भागवत सिडनीला 2000 साली अंतिम फेरीत गेल्या त्या "आमच्या वरळीच्या". सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरला 400 पैकी 400 केले, ते सांगताना तर आप्पांचा आवाज चढतो. "चाळीसच्या चाळीस दहा! दहाचं वर्तुळ किती? अर्धा मिलिमीटर! सांग, यात हवेचं काय कर्तृत्व? हवा विकत मिळते, हात नाही."

हात मात्र ते फुकट वाटतात. त्यांच्या उंबरठ्यापासून गॅलरीच्या टोकाच्या काकूंच्या तुळशीपर्यंत बरोबर 10 मीटर भरतात. भिंतीवर लक्ष्याचा कागद, हातात रिकामी रायफल, आणि घोडा दाबल्यावरही रायफल तशीच धरून ठेवायची. "सुटला तरी सोडायचं नाही," हे वाक्य चाळीतल्या दोन पिढ्यांनी ऐकलंय. काकू ओरडतात, "अहो, माझ्या तुळशीवर नेम धरायला शिकवू नका पोरांना!" आप्पा शांतपणे म्हणतात, "तुळशीवर नाही वहिनी, तुळशीच्या वर."

याच गॅलरीत तयार झालेली दुसऱ्या मजल्यावरची पोरगी जिल्ह्याला निवडली गेली. वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन जुनी हवेची रायफल आणली, पेढे वाटले. आप्पांनी पेढा हातातच ठेवला आणि आधी नळकांडं फिरवून त्यावरची तारीख वाचली. दहा वर्षांची मुदत उलटून गेली होती. "तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवतील हिला," ते म्हणाले. सगळ्यांचे चेहरे पडले. स्प्रिंगचा एवढा मोठा विजय आयता चालून आला होता, पण आप्पांनी तो वहीत लिहिला नाही. दोन दिवस फोनवर होते. तिसऱ्या दिवशी नवं नळकांडं घेऊन आले. पैशांचं नाव काढलं की "हात बघू तुझा, स्थिर आहे ना?" असं पोरीला विचारत.

स्पर्धेच्या दिवशी वरळीला जाताना टॅक्सीत मी पुढे, मागे पोरगी, आणि तिच्या शेजारी आप्पा. रायफल पोरीकडे, भरलेलं नळकांडं आप्पांच्या मांडीवर, शालीत. प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरला "सावकाश हो" म्हणत होते, आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये स्प्रिंगच्या रायफलीचे गुण सांगत होते. हाजीअलीच्या सिग्नलला ड्रायव्हर वळून म्हणाला, "काका, स्प्रिंगची एवढी भारी, मग पोरीला ही कशाला?"

"ही जास्त चांगली आहे म्हणून," आप्पा खेकसले. "सिग्नल सुटलाय, पुढे बघ."