कुठल्या पानावर?

आमच्या दाजींना ‘बसेल’ या शब्दाचा मनस्वी राग आहे. दुकानदार ‘बसेल हो साहेब’ म्हणाला की दाजी चष्मा कपाळावर चढवतात आणि अगदी शांतपणे विचारतात, “कुठल्या पानावर?”

म्हणजे मॅन्युअलच्या. जिला मॅन्युअल नाही ती वस्तू दाजींच्या लेखी अजून जन्मालाच आलेली नाही. सप्तपदीच्या वेळीसुद्धा त्यांनी भटजींच्या पोथीत डोकावून “पाच झाली ना?” असं विचारल्याचं ताई सांगते. ताई थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

बॉस्टनपासून तासाभरावर त्यांचं घर आहे, १९८६ सालचं, लाकडी सांगाड्याचं. दिवाणखान्यात फायरप्लेस. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिच्या आतल्या विटांवरून कौतुकाने हात फिरवला, तर दाजी खूश. “फसलास ना? आता बाजूला वाजव.” वाजवलं, तर पत्रा! कारखान्यातून तयार आलेला पत्र्याचा डबा, आत विटांचा ठसा उमटवलेल्या पातळ लाद्या आणि वर पत्र्याचंच धुरांडं. खऱ्या विटांच्या शेकोटीला गवंडी हवा, भक्कम पाया हवा. हा डबा सुताराने लाकडी चौकटीत सरकवला की झाली शेकोटी.

ती दिसते झकास, ऊब मात्र यथातथाच. बरीचशी उष्णता धुरांड्यावाटे आभाळात जाते आणि जाताना तेल जाळून तापवलेली घरातली हवाही ओढून नेते. ताईचे गुडघे थंडीत धरतात. तिने फर्मान काढलं, यंदा इन्सर्ट बसवायचा. म्हणजे काचेच्या दाराची बंदिस्त लोखंडी चूल फायरप्लेसच्या पोटात सरकवायची आणि तिची सहा इंची स्टेनलेस स्टीलची नळी जुन्या धुरांड्यातून पार टोकापर्यंत न्यायची. दुकानदार म्हणाला, बसेल. ताईने दाजींना विचारायच्या आत आगाऊ पैसे भरून टाकले.

दुसरा कुणी असता तर माणसं बोलावून मोकळा झाला असता. दाजींनी ८४ पानी मॅन्युअल छापून घेतलं, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि पिवळ्या पेनाने रंगवायला घेतलं. बेंजामिन फ्रँकलिन त्यांना विजेसाठी वंदनीय नाही. १७४४ साली त्याने आपल्या लोखंडी शेगडीची माहिती देणारी पुस्तिका छापली, म्हणून वंदनीय आहे.

मग खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी इन्सर्टची हुबेहूब प्रतिकृती बनवली. हे शहाणपणाचंच काम, कारण खरी चूल ४०० पौंडांची. ती बसत नाही हे ती उचलून आणल्यावर कळू नये. पण पुठ्ठ्याची चूल फायरप्लेससमोर सहा आठवडे बसून राहिली. भिशीच्या बायका तिच्याभोवती हात शेकल्यासारखं करून फोटो काढून गेल्या. भाचीने काचेच्या जागी स्केचपेनाने ज्वाळा काढल्या. दाजींनी फक्त एवढंच सुचवलं, की ज्वाळा मागच्या बाजूने पुढे झुकलेल्या हव्यात.

ती आत का सरकवत नव्हते? कारण मॅन्युअल वाचून व्हायचं होतं.

अखेर डिसेंबरातल्या एका रविवारी मुहूर्त लागला. मी तेव्हा तिथेच होतो. पुठ्ठा आत ढकलला, तो निम्म्यावर अडला. दाजींनी माप घेतलं होतं ते दर्शनी तोंडाचं, ३६ इंच. पण हे डबे मागे निमुळते होत जातात. जुनी चादर अंथरून दाजी उताणे झाले आणि डोकं शेकोटीत घातलं. बाहेर राहिले ते लोकरी मोजे आणि उजव्या मोज्यातून डोकावणारा अंगठा. “लिही!” विहिरीतून यावा तसा आवाज आला. “मागची रुंदी पावणेतेवीस!” पुठ्ठा पंचवीस होता.

तेवढ्यात अंगठा थरथरला. “ब्रश आण रे, दाताचा. इथे पाटी आहे.” जाळीच्या पडद्याआड, काजळीखाली, रिव्हेट मारलेली हाताएवढी पत्र्याची पाटी. तो ब्रश माझा होता, हे मला रात्री कळलं.

पाटीवर लिहिलं होतं, की या फायरप्लेससाठी खास तपासून मंजूर झालेला नसेल, तर कुठलाही इन्सर्ट यात बसवू नये. दाजी उठून बसले. तोंड काळं, डोळे चमकत होते.

शेजारी ग्राइंडर घेऊन आला. म्हणाला, मागचा पत्रा दोन इंच कापू, कुणाला कळतंय? दाजींनी त्याला चहा दिला आणि पाऊण तास शिकवणी घेतली. धुरांडं म्हणजे एकात एक दोन नळ्या. मधल्या फटीतून गार हवा खेळते, म्हणून इंच-दोन इंचांवरचं लाकूड तापत नाही. पत्रा कापला, फट बुजली, की भिंतीच्या आत लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहील. एक दिवस पेटेल, तेव्हा आपण वर झोपलेले असू. शेजारी ग्राइंडर घेऊन परत गेला. नंतर त्याने स्वतःच्या शेकोटीत डोकं घालून पाहिल्याचं त्याच्या बायकोने सांगितलं.

सोमवारी दुकानात फोन. “सगळेच बसवतात,” पलीकडचा म्हणाला.

“कुठल्या पानावर?”

पलीकडे शांतता. आगाऊ भरलेले पैसे पूर्ण परत मिळाले. दाजींनी ताईला नवा हीटिंग पॅड आणला, पुठ्ठ्याची चूल मागून हवी तेवढी कापून आत सरकवली आणि हिवाळा स्वेटरवर काढला. न बसवलेल्या त्या चुलीचा त्यांना इतका अभिमान, की पाहुण्यांना आजही पाटीसकट दाखवतात.

गेल्या दिवाळीत पुण्याला आमच्याकडे आले होते. स्वयंपाकघरात आम्ही नवी चिमणी बसवली आहे. बायको चकल्या तळत होती. चहा घ्यायला आत गेलो, तर दाजी ओट्याला रेलून, मान वाकडी करून, मोबाइलचा टॉर्च चिमणीच्या पोटात मारत होते.

“हिची पाटी कुठाय रे?”