तात्यांचा काटा

तुमच्याकडेही एक असेलच. घरात बाळ आलंय हे कळायचा अवकाश, दारात चपला काढता काढताच दोन्ही हात पुढे. 'आण इकडे!' चहा नंतर, विचारपूस नंतर, बाळंतिणीकडे नजर तर त्याच्याही नंतर. बाळ तासभर रडून आणि घरादाराला रडवून नुकतंच डोळे मिटत असतं, पण यांना त्याचं सोयरसुतक नाही. आमच्याकडे अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर हे खातं तात्यांकडे आहे.

इतर पाहुणे बाळाचं नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावरून दोन घराण्यांत लावालावी करतात. तात्या त्यात पडत नाहीत. ते बाळ घेतात. डावा तळवा मानेखाली, उजवा बुडाखाली. डोळे मिटतात. हात एकदा अलगद वर, एकदा खाली. मग निकाल येतो, 'तीन-दोनशे.'

तात्यांचा उभा जन्म पांढऱ्या कांद्याच्या व्यापारात गेला. तोच आपला अलिबागचा, गोडसर, अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालेला. हातात माळ धरली की ती किती भरेल हे तात्या सांगायचे, गिऱ्हाईक पैज लावायचं आणि हरायचं. 'जन्मात कधी काटा मारला नाही,' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. धंदा पुढे मुलानं सांभाळला, पण हाताची खोड गेली नाही.

'दवाखान्यात तीन-शंभर सांगितलंय, तात्या.'

'काटा बदला म्हणावं.'

तिसऱ्या दिवशी आशाताई घरी येते, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. सरकारनं ठरवून दिलेल्या या सहा भेटी. सातवी भेट तात्यांची, आणि ती रोज. आशाताई बाळाला झोळीत घालून काट्याला लावते, वहीत आकडा लिहिते. तात्या ओटीवर पाय हलवत बसलेले. आत हाक जाते, 'किती गो?' आकडा आपल्याशी जुळला तर 'सुधारला तुझा काटा', नाही जुळला तर 'काटा बदला'. एकदा चौथ्या दिवशी पोराचं वजन घटलं म्हणून आजीनं डोळ्यांना पदर लावला, तर तात्या तिच्यावरच उखडले. 'उतरायचंच गो! कांदा वाळला की नाही उतरत? दोन आठवड्यांत भरून काढील.' डॉक्टरही तेच सांगतात. फक्त ते कांद्याचं नाव काढत नाहीत.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर गावानं चालवून घेतलं असतं. पण तात्यांना प्रत्येकाचं वजन पाठ आहे, आणि ते माणसाला त्या आकड्यानंच ओळखतात. 'काय रे तीन-चारशे, कुठं निघालास?' ही हाक ऐकून एसटीच्या थांब्यावर मिशा पिकलेला माणूस वळून बघतो. लग्नात नवरदेवाच्या मामाला ओळख करून देतात, 'ही आमची दोन-सातशे, बीएड झालीये.' सरपंचाच्या निवडणुकीत दोन उमेदवार उभे होते तेव्हा तात्यांचा अंदाज होता, 'दोन-नऊशे विरुद्ध तीन-सहाशे. वजन कुठं पडणार ते दिसतंच आहे.' तीन-सहाशे पडला. 'आमच्या वेळेपासून उतरत आलाय तो,' असा खुलासा झाला. त्यांच्याहून जुन्या मंडळींचे आकडे त्यांना वडिलांकडून मिळालेले. ते 1956 च्या मेट्रिक कायद्याआधीचे, म्हणून शेरात. आमच्या आळीतले नव्वदीचे आबा अजून 'साडेतीन शेर' आहेत.

गेल्या वर्षी शेजारची नातसून मुंबईहून आली. भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटीनं मांडवा, गाडीसकट, बाळासकट आणि नियमावलीसकट. नियमावली दाराला चिकटवलेली. हात धुवा. मुका घेऊ नये. अत्तर लावू नये. सर्दी-खोकला असल्यास लांबूनच बघावे. बसून घ्यावे. अख्खी आळी नाकं मुरडून गेली. मला विचाराल तर त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. आपल्या आज्यांनी वेगळं काय केलं होतं? दहा दिवस सोयर, बाळ-बाळंतिणीला शिवायचं नाही. बाराव्या दिवशी बारसं, मग पाळण्याच्या खालून-वरून देवांची नावं घेत बाळ या हातातून त्या हातात. आधी अडवायचं आणि मग सगळ्यांच्या ओटीत घालायचं. नव्या मंडळींना पहिला भाग पाठ आहे. दुसरा भाग ते फोनवर फोटो टाकून उरकतात, चारशे जणांना एकदम.

तर तात्या गेले. बाळाच्या बापानं तळहातावर सॅनिटायझर ओतलं. तात्यांनी चोळून वास घेतला. 'दारू फुकट घालवता.' मग बाप म्हणाला, 'आजोबा, बसून घ्या.'

'बसून वजन कसं होणार?'

यावर नियमावलीत उत्तर नव्हतं. शेवटी बाप मागे हात पसरून उभा, तात्या पुढे बाळ घेऊन उभे. 'तीन-आठशे साठ.' बापानं विजयानं फोन काढला. 'ॲपमध्ये तीन-आठशे आहे.'

'कधीचं?'

'सकाळचं.'

'मग बरोबर. साठ ग्रॅम आत्ता प्यालाय.'

बाळानं ते सगळे साठ ग्रॅम तात्यांच्या सदऱ्यावर परत केले. 'आता तुमचं ॲप बरोबर,' म्हणाले.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर काटा मारल्यासारखं होईल.

खालच्या आळीतली एक पोर. सातव्या महिन्यातच सुटका झाली. बाळ बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत, मग घरी. तेही आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून धरायला सांगितलेलं. कुणी भेटायला जाईना. जाऊन बोलायचं काय? तात्या गेले. कुणी न सांगता न्हाणीघरात शिरून कोपरापर्यंत साबण लावून आले. आणि या माणसानं 'आण इकडे' म्हटलं नाही. दाराशी उभे राहिले. तिनंच बाळ पुढे केलं. 'तात्या, सांगा ना.'

तळवे खाली गेले. ते बाळ म्हणजे नुसतं दुपटंच होतं. तात्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

'अडीच. पुरते अडीच आहे गो.'

त्या दिवसापासून ती पोर जेवायला लागली. दुसऱ्या दिवशी आशाताईचा काटा लागला. एक-नऊशे. तिनं ओटीवर बघितलं. तात्या रस्त्याकडे बघत म्हणाले, 'काटा बदल.' आशाताईनं वहीत एक-नऊशे लिहिलं, कारण वही सरकारची. तोंडानं मात्र 'बरं' म्हणाली.

ते पोर आता चौथीत आहे. अख्खा गाव त्याला 'अडीच' म्हणतो आणि माझ्या कौलांवर पडणारे सगळे दगड त्याचे असतात.

मी दोन-आठशे. हल्लीचा आकडा मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा. माझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेली, मला पाळण्याखालून घेणारी, टाळूवर तेल थापणारी माणसं एकेक करून गेली. मला हातात तोललेला माणूस आता गावात हा एकच उरलाय. त्यामुळे भर बाजारात 'ए दोन-आठशे!' अशी हाक आली की पूर्वी अंगाचा तिळपापड व्हायचा, आता मी 'ओ' देतो.

म्हणून नवीन आईबापांना सांगणं एवढंच. हात धुवायला लावा, मुका घेऊ देऊ नका, नियमावली खुशाल चिकटवा. तात्यांचे हात हल्ली थोडे कापतात, तेव्हा बसूनच घेऊ द्या. बसून वजन होत नाही ही तक्रार कानाआड करा. पण बाळ द्या. आणि आकडा विचारायच्या भानगडीत पडू नका. तो न विचारताच मिळेल, आणि जन्मभर पुरेल.