माद्रिदच्या नावानं बोटं मोडणारे सर

सांगलीत विश्रामबागेकडे सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक कुणाच्या ना कुणाच्या नावानं बोटं मोडत असतात. कुणी सुनेच्या, कुणी शेजाऱ्याच्या. आमचे पी.टी.चे सर माद्रिदच्या नावानं मोडतात.

माद्रिद त्यांनी पाहिलेलं नाही. पासपोर्टही नाही. सगळी नोकरी सातारा-सांगली पट्ट्यात गेली. पण पुतण्यानं मोबाइलवर यूट्यूब लावून दिलं आणि सरांना बालोनमानो सियुदाद रेआल हा स्पेनचा हँडबॉल क्लब सापडला. सियुदाद म्हणजे शहर, रेआल म्हणजे राजाचं, हे कळल्यावर सर ताडकन उठले. "अरे, म्हणजे राजधानी सातारा की!"

पुढचे पुरावे भराभर मिळत गेले. ते गाव ला मांचा नावाच्या मुलखात आहे आणि तो मुलूख पवनचक्क्यांचा. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखून धावणारा डॉन किहोटे तिथलाच. क्लबच्या स्टेडियमचं नावही किहोटे अरेना. "चाळकेवाडीला काय कमी पवनचक्क्या आहेत?" सर विचारतात. भाला रोखलेला इसम साताऱ्यात कोण, हे आम्ही विचारत नाही.

क्लब 1981चा. गाव साताऱ्याहूनही लहान, पण युरोपची चॅम्पियन्स लीग तीनदा घरी आणली: 2006, 2008 आणि 2009. शेवटच्या दोन्ही वेळी अंतिम सामन्यात जर्मनीच्या कीलला लोळवलं. तालांत दुयशेबायेव या किर्गिझस्तानातून आलेल्या प्रशिक्षकाचं नाव सर अडखळल्याशिवाय घेतात. स्वतःच्या धाकट्या जावयाचं मात्र दर वेळी चुकतात. आणि मग 2011 साली पैशाची ओढाताण झाली, तेव्हा अख्खा क्लब उचलून माद्रिदला नेला. नाव बदललं, अ‍ॅटलेटिको झालं. 2013 मध्ये तोही बंद पडला.

"बदली," सर म्हणतात. "बदलीनं मेला तो."

बदलीचा विषय सरांचा स्वतःचा आहे. एका गावात चार वर्षं खपून सात पोरं जमवायची, बांबूंचे गोल रोवायचे, फक्की मारायची आणि संघ तालुक्याला जिंकायला लागला की बदलीचा कागद हातात. हँडबॉलला डावखुरा खेळाडू म्हणजे सोनं. उजव्या बाजूनं गोलावर मारायला त्यालाच कोन मिळतो. पोरगं डाव्या हातानं घास घेतं म्हणून आई चापट मारते असं कळलं, की सर त्या घरी जाऊन भांडायचे. तासगावात असा एक पोरगा त्यांनी वाचवला. तो आता डाव्या हातानं उत्तम केस कापतो. सर अजून त्याच्याकडंच जातात.

मैदान मात्र कुठल्याच शाळेत पुरलं नाही. हँडबॉलला चाळीस बाय वीस मीटर लागतं. कुठं छत्तीसाव्या मीटरला लिंब, तर कुठं अडतिसाव्याला मुख्याध्यापकांची स्कूटर. त्या स्कूटरला लागलेला गोल धरायचा की नाही, यावर एकदा स्टाफ मीटिंग झाली होती.

निवृत्तीनंतर मैदान गेलं, नियम राहिले. चेंडू हातात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, म्हणून भडंगाची प्लेट सरांच्या हातात टिकत नाही; लगेच पास. संघ हल्ला न करता नुसता वेळ काढायला लागला, की हँडबॉलचा पंच इशारा म्हणून हात वर करतो. सर सत्कार समारंभांत हात वर करतात. वक्त्याला वाटतं, प्रश्न विचारायचाय. तो आनंदानं आणखी दहा मिनिटं बोलतो.

2023 मध्ये जयपूरला पहिली प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि महाराष्ट्र आयर्नमेननं ती जिंकली. सरांनी अख्ख्या गल्लीला कंदी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र चेहरा पडलेला.

"हा संघ कुठल्या गावचा रे?"

"महाराष्ट्राचा, सर."

"गाव सांग, गाव. गावच नाही, तर रडायचं कुठं जाऊन?"

परवा ठोसेघर बघून आम्ही वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. पवनचक्क्या घुमत होत्या. सरांनी चप्पल काढली, टाच-चवडा जोडत पावलं मोजायला सुरुवात केली आणि पार लांब, ठिपक्याएवढे होऊन थांबले. मध्ये ना लिंब, ना स्कूटर.

"मावलं!" तिथून ओरडले.

परत येऊन त्यांनी पिशवीतनं फक्की काढली. सहल म्हणून निघताना कुणी फक्की घेतं का? पहिली मूठ त्यांनी जमिनीवर सोडली. वाऱ्यानं ती सगळी माझ्या तोंडावर आणली.

"हलू नकोस," सर म्हणाले. "तू गोलपोस्ट."