विलायतेतील अक्कलकुवेकर

अक्कलकुव्याहून उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेलेल्या तरुणाची परीक्षा पाहावयाची असल्यास त्याच्या अभ्यासक्रमाची चौकशी करू नये. ‘जेवण झाले का?’ एवढा एकच निरुपद्रवी प्रश्न दूरध्वनीवरून टाकावा आणि मग पाऊण तास स्वस्थ बसून त्याची कैफियत ऐकावी. पावाचे नीरसपण, उकडलेल्या भाज्यांची उदासीनता, पंख्याच्या घरघरीवाचून न येणारी झोप आणि प्रातर्विधीस पाण्याऐवजी कागद देणाऱ्या संस्कृतीविषयीचे स्वतःचे परखड मत, हा सारा तपशील तो अशा गांभीर्याने दाखल करतो की, ऐकणाऱ्यास आपण मामलेदार असून समोर कोणी नाडलेले कूळ उभे आहे असा भास व्हावा. तो तेथे नेमके काय शिकतो, हे मात्र त्याच्या मातोश्रींना अखेरपर्यंत कळत नाही.

नवल असे की, हेच चिरंजीव गावी असताना यांपैकी एकाही सुखाविषयी बरा शब्द त्यांच्या मुखातून निघाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. ताटात कळण्याची भाकरी पडली की ते नाक मुरडीत. शेवभाजीची तर्री त्यांना अशिष्ट वाटे. आणि उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर टाकलेली खाट हा खानदेशाच्या मागासलेपणाचा पुरावा म्हणून ते पाहुण्यांपुढे सादर करीत. स्नानगृहात फवारा बसवून मिळावा म्हणून त्यांनी वडिलांकडे दोन वर्षे तगादा लावला होता. विलायतेतील लेस्टर शहरी पोहोचल्यावर, जेथे फवाऱ्याखेरीज स्नानाची दुसरी तजवीज नव्हती, तेथे याच गृहस्थाने पहिल्या आठवड्यात फरशी पुसावयाची एक बादली विकत आणली आणि घरून नेलेला तांब्या तीत बुडवून ‘हर हर गंगे’ म्हणत तो डोक्यावर ओतू लागला. खालच्या मजल्यावरील भाडेकरूच्या छतातून पाणी ठिबकू लागल्यावर घरमालकिणीने केलेल्या पंचनाम्यात बादली हाच मुख्य मुद्देमाल ठरला.

त्यांच्या प्रस्थानाचा सोहळाही पाहण्याजोगा होता. विमानकंपनीने मंजूर केलेले 23 किलो वजन कसोशीने भरावे म्हणून सामान धान्याच्या दुकानातील काट्यावर नेण्यात आले. काळा मसाला, मोलगीकडचे आमचूर, सातपुड्यातील भगर, वाळलेली मिरची आणि ज्वारीचे बिबडे असा सरंजाम पेटीत शिरला. दुग्धजन्य पदार्थ बाहेरून आणण्यास तेथील सरकारची हरकत असल्याने तूप नेता येत नाही, हे आजीला समजावण्यात एक अख्खी दुपार खर्ची पडली. तरीही मिरचीच्या पिशवीच्या पोटात तुपाची बरणी निघालीच. वजन जास्त भरले तेव्हा पुस्तके बाहेर काढण्यात आली. मसाल्याला हात घालण्याची कोणाची छाती झाली नाही.

लेस्टर त्यांना मानवले, याचे श्रेय विद्यापीठाचे नसून बेलग्रेव्ह रोडचे आहे. सागबारा आणि डेडियापाडा उशाशी असलेल्या अक्कलकुव्याच्या माणसाला गुजराती वेगळी शिकावी लागत नाही, आणि त्या रस्त्यावरच्या गुजराती दुकानदारांशी भावाची घासाघीस करताना आपण परमुलखात आहोत याचा चिरंजिवांना क्षणभर विसर पडे. ज्वारीचे पीठ मिळाले; पण पीठ मिळणे आणि भाकरी होणे यांत किती अंतर असते हे त्या रात्री कळले. पुढे काळ्या मसाल्याच्या फोडणीचा प्रयोग झाला. तेलात मसाला पडताच धुराची सूचना देणारी घंटा किंचाळू लागली, जानेवारीच्या थंडीत पाच देशांचे विद्यार्थी झोपेच्या कपड्यांनिशी अंगणात जमले आणि त्यांतील प्रत्येकाला खानदेशी मिरचीचा ठसका लागला. ‘गावची आठवण आली हो,’ एवढीच त्यावर चिरंजिवांची जबानी.

मराठी माणसांच्या ओढीने ते लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवासही जाऊन आले. हे मंडळ 1932 सालचे, म्हणजे संयुक्त महाराष्ट्रापेक्षा वयाने वडील. तेथे एका पुणेकर गृहस्थांनी ‘आपण कुठले?’ म्हणून विचारले. अक्कलकुवा म्हणताच त्यांची मुद्रा कोरी राहिली. नंदुरबार म्हटल्यावर थोडी हलली. धुळे, मग खानदेश, मग ‘नाशिकच्या बरेच पुढे’ असा प्रवास करीत चिरंजीव अखेर ‘सुरतेजवळ’ या मुक्कामी पोहोचले, तेव्हा पुणेकरांनी समाधानाने मान डोलावून त्यांना गुजराती समजून मोदक कसा खावा हे समजावून सांगितले.

आपल्या हालअपेष्टांना ऐतिहासिक आधार असल्याचा दावाही ते करतात. डॉ. आंबेडकर 1920 नंतर लंडनला शिकत असताना रात्री भूक लागली की कोणा स्नेह्याने दिलेल्या पापडांवर निभावीत, ही हकिकत त्यांना मुखोद्गत आहे, आणि स्वतः बिबडे भाजताना ते ती न चुकता सांगतात. बाबासाहेब दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून येत आणि पापड खाल्ल्यावर पुन्हा उत्तररात्रीपर्यंत वाचीत, हा हकिकतीचा उत्तरार्ध मात्र ते सांगत नाहीत. बिबड्यानंतर त्यांना झोप येते.

मला त्यांची कीव येते ती एका मर्यादेपर्यंतच. मोलगीकडच्या डोंगरातील पाड्यावरून सहा-सात वर्षांचे पोर आश्रमशाळेत दाखल होते, तेव्हा घरी कोणीही न बोलणारी मराठी त्याच्या कानावर एकदम कोसळते. काठी गावची राजवाडी होळी आली की ते घराकडे पळते आणि परत येण्याचे नाव घेत नाही, अशी गुरुजींची तक्रार असते. खुद्द अक्कलकुव्यात 1979 साली स्थापन झालेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या शिक्षणसंस्थेत दूरदूरच्या प्रांतांतून मुले येऊन राहतात. त्यांच्या लेखी हे गावच परदेश. अशाच एका मुलाने चहाच्या टपरीवर आपल्याकडच्या चहाची आठवण काढली, तेव्हा मोठ्याने हसणाऱ्यांत आमचे चिरंजीव अग्रभागी होते.

बारकाईने पाहता चिरंजिवांना उणीव भासते ती भाकरीची नव्हे, कारण भाकरी ते पुढे स्वतः उत्तम थापू लागले. त्यांना उणीव भासते ती नावे ठेवण्याच्या हक्काची. स्वतः केलेल्या भाजीत मीठ कमी पडले तर दोष द्यावा कोणाला? घरी ताट सरकवून उठले तरी मागून कोणी तरी ‘अरे, दोन घास तरी खा’ म्हणत येई. लेस्टरात ताट सरकवले तर सकाळी ते तेथेच असते, आणि धुवावेही स्वतःच लागते.

शिक्षण संपवून ते परतले आहेत. आल्या दिवशी ते पलंगावर बसूनच ‘आई, पाणी!’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी भाकरी जाड झाल्याची फिर्याद गुदरली. त्यांना भाकरी येते हे घरात फक्त धाकट्या बहिणीला ठाऊक आहे. तिने लेस्टरहून आलेल्या चित्रफितीत ते पाहिले होते. ज्या वाचकांच्या घरी असा विद्यार्थी परतावयाचा असेल त्यांनी पहिल्याच सायंकाळी पिठाची काटवट त्याच्यापुढे ठेवावी. आठ दिवस उलटले की मग त्याला काही येत नाही.