चर्चापत्र मार्गावर आहे

क्रिप्टोबाबत भारत सरकारकडे धोरणच नाही, अशी ओरड करणारी मंडळी एक तर फार तरुण आहेत, नाही तर त्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही. धोरण आहे, आणि ते २०१३ पासून अखंड राबवलं जात आहे. त्या वर्षी २४ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून जनतेला सांगितलं, या आभासी चलनांपासून जपून राहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेच सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये तेच तिसऱ्यांदा सांगितलं. पहिल्या पत्रकाच्या वेळी हजार डॉलरच्या आत मिळणारा बिटकॉइन तिसऱ्या पत्रकापर्यंत दहा हजारांच्या वर गेला होता. बँकेचं ऐकून जे जपून राहिले ते आजही बँकेची आठवण काढतात. कोणत्या शब्दांत, ते इथे छापण्याजोगं नाही.

आमच्या सोसायटीतले अण्णा मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यात एकही नाणं, हातातलं वा मोबाइलमधलं, उगाच घालवलेलं नाही. पण या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांच्या मते हे प्रकरण फाईल हाताळणीचा आदर्श नमुना म्हणून यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत शिकवायला हवं.

"अरे, फाईलचं तीन प्रकारे काही करता येतं," ते म्हणाले. "मंजूर करायची, नामंजूर करायची, नाही तर फिरती ठेवायची. पहिल्या दोन्हींत सही येते, आणि सही आली की जबाबदारी आली. तिसऱ्यात नुसता 'चर्चा करावी' असा शेरा मारायचा. चर्चा करावी असं लिहिलं म्हणून कुणाची खातेनिहाय चौकशी लागल्याचं ऐकलंयस?"

"पण २०१८ मध्ये बंदीची सही झाली होती की."

"ती रिझर्व्ह बँकेने केली, सरकारने नव्हे. आणि मग काय झालं?"

झालं ते असं. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना बजावलं की क्रिप्टोचा धंदा करणाऱ्या कुणालाही सेवा देऊ नका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ मार्च २०२० ला परिपत्रक रद्द झालं. या धंद्यामुळे तुमच्या अखत्यारीतल्या एखाद्या तरी बँकेचं नुकसान झालं असेल तर दाखवा, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. दाखवायला काही नव्हतं. अण्णांच्या दृष्टीने घाईने सही करणाऱ्याचं हेच होतं.

सरकारने ती चूक केली नाही. सरकारने समिती नेमली. तेव्हाचे आर्थिक व्यवहार सचिव सुभाषचंद्र गर्ग यांच्या समितीने २०१९ मध्ये अहवाल दिला, सोबत विधेयकाचा मसुदाही जोडला. नाणं तयार करणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळंच गुन्हा आणि दहा वर्षांपर्यंत कैद. मसुदा इतका कडक होता की तो थंड होईपर्यंत बाजूला ठेवावा लागला. पुढे २०२१ मध्ये खासगी क्रिप्टो चलनांवर बंदी घालणारं विधेयक संसदेच्या कामकाजाच्या यादीत झळकलं, एकदा अर्थसंकल्पी अधिवेशनात आणि एकदा हिवाळी अधिवेशनात. यादीतून सभागृहापर्यंत ते एकदाही पोहोचलं नाही.

या सगळ्या काळात दिल्लीकडून क्रिप्टोबाबत निःसंदिग्ध भूमिका फक्त एकदाच जाहीर झाली. १२ डिसेंबर २०२१ च्या पहाटे पंतप्रधानांच्या ट्विटर खात्यावर मजकूर आला की भारताने बिटकॉइनला अधिकृत मान्यता दिली असून सरकारने ५०० बिटकॉइन विकत घेतले आहेत आणि ते देशातल्या नागरिकांना वाटले जात आहेत. भाषा सोपी, निर्णय स्पष्ट, लाभार्थी सर्व. इतकी स्पष्टता पाहूनच जाणकारांना संशय आला. थोड्याच वेळात खुलासा झाला की खातं हॅक झालं होतं.

त्यानंतर सात आठवड्यांनी खरा निर्णय आला. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. शिवाय १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. कर लावला म्हणजे मान्यता दिली असं कुणी समजू नये, हेही सांगून टाकलं. ते कुणी समजू नये याची उरलीसुरली व्यवस्था रिझर्व्ह बँकेने केली. १० फेब्रुवारीला गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले की या वस्तूला कसलाच आधार नाही, ट्यूलिपच्या फुलाइतकाही नाही. १४ तारखेला डेप्युटी गव्हर्नर रबी शंकर म्हणाले की ही पॉन्झी योजनांच्या जातीची, कदाचित त्याहून वाईट गोष्ट आहे आणि बंदी हाच उत्तम उपाय. म्हणजे पंधरवड्यात देशाला कळलं की ही वस्तू फुलाहून हलकी आणि फसवणुकीहून वाईट असून तिच्या नफ्यात सरकारचा तीस टक्के वाटा आहे.

मी हे अण्णांना वाचून दाखवत होतो तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सून म्हणून उंबरठा ओलांडू द्यायचा नाही, पण तिचा पगार पहिल्या तारखेला यांच्या हातात हवा." अण्णांनी हे इतिवृत्तात घेऊ नये अशी खूण केली.

कराची खरी करामत तोट्यात आहे. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे आणि त्या पिढीच्या रीतीनुसार त्याच्याकडे मुदत ठेव नाही, वॉलेट आहे. त्याला मी हिशेब मांडायला सांगितला. समजा, बिटकॉइनमध्ये एक लाख नफा झाला आणि इथेरियममध्ये एक लाख बुडाले. घरात आले शून्य. सरकारी हिशेबाने मात्र नफा एक लाख, कर तीस हजार, त्यावर चार टक्के उपकर, एकूण ३१,२०० रुपये भरा. एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. खरेदीची किंमत सोडली तर कसलाही खर्च धरला जात नाही. एक लाखाची नाणी रडतखडत नव्वद हजारांना विकली तरी नऊशे रुपये टीडीएस कापून घेतला जातो. शेअर बाजारात हात पोळलेल्याला प्राप्तिकर खातं निदान तोटा पुढच्या आठ वर्षांत वळता करू देतं. इथे नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात मामा-भाचे.

करमाफी कशाकशाला, हे सांगायलाही सरकार विसरलं नाही. कायद्यात 'आभासी डिजिटल मालमत्ते'ची, म्हणजे व्हीडीएची, व्याख्या इतकी ऐसपैस लिहिली गेली होती की तिच्यात बरंच काही सापडलं असतं. म्हणून ३० जून २०२२ ला खास अधिसूचना निघाली की गिफ्ट कार्ड, व्हाउचर, रिवॉर्ड पॉइंट आणि विमान कंपन्यांचे मैल या व्याख्येतून वगळले आहेत. मॉलच्या कुपनाबाबत भारत सरकारची भूमिका सुस्पष्ट आहे, याची इथे कृतज्ञतेने नोंद घेतो.

संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार या करातून २०२२-२३ मध्ये सुमारे २६९ कोटी आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ४३७ कोटी रुपये जमा झाले. उलाढालीचा मोठा भाग दरम्यान क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या परदेशी मंचांकडे पळाला, कारण तिथे टीडीएस कापायला कुणी बसलेलं नव्हतं. मग मार्च २०२३ मध्ये हा धंदा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणला गेला, डिसेंबरमध्ये नऊ परदेशी मंचांना नोटिसा गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये त्यांची संकेतस्थळं बंद झाली. त्यातल्या बायनान्सने पुढे १८.८२ कोटींचा दंड भरला आणि नोंदणी करून सन्मानाने परत आलं. नोंदणी म्हणजे परवाना नव्हे, हे वेगळं सांगायला नको. परवाना द्यायचा तर आधी परवाना देणारा ठरवावा लागतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर यातला बहुतेक व्यवहार हा जुगार आहे. पण जुगाराचा आपल्याला अनुभव नाही असं थोडंच आहे! महाराष्ट्र सरकार १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवतंय. तिच्या बक्षिसावरही तीस टक्केच कर. फरक इतकाच, की लॉटरीसाठी १९९८ चा कायदा आहे, सोडतीची तारीख आहे, आणि तिकिटावर गोंधळ झाला तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं हे ठाऊक आहे. क्रिप्टोच्या जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरांत जे लिहावं लागतं ते याच्या नेमकं उलट आहे: यावर कुणाचं नियंत्रण नाही आणि तोटा झाला तर दाद मागायला कदाचित कुठलीच जागा नसेल. जाहिरातीत इतकं खरं बोललेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ते किती खरं आहे हे १८ जुलै २०२४ ला कळलं. त्या दिवशी वझीरएक्स या मंचावरून जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. मंच मुंबईचा, ग्राहक भारतातले, आणि पैसे कसे परत द्यायचे याची योजना मंजुरीला गेली सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. लाख-दोन लाख अडकलेल्या साध्या गुंतवणूकदाराने सिंगापुरी कायद्याखालच्या योजनेवर ऑनलाइन मत द्यायचं. जागतिकीकरण आपल्या दारात येईल असं १९९१ मध्ये सांगितलं होतं, ते असं आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळता येते. प्राप्तिकर खात्याला हा शोध साडेतीन वर्षं आधीच लागला होता.

पुण्याचं नावही यात मागे नाही. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवून देशभर लोकांना गंडवलं गेलं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला पकडलं. जप्त नाण्यांचा गुंता सोडवायला तज्ज्ञ बोलावले. २०२२ मध्ये त्यातल्याच दोघांना, नाणी वळवल्याच्या आरोपावरून, त्याच पोलिसांनी अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. चोर कुठला आणि पंच कुठला हे ठरवायलाही नियम लागतो, म्हणून हे सांगितलं.

फायद्याचंही सांगायला हवं. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोमागच्याच तंत्रज्ञानावर, नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं, म्हणजे खोटा दाखला चटकन ओळखता यावा. काम चांगलं, वादच नाही. फक्त ज्या सार्वजनिक साखळीवर ही नोंद होते तिचं शुल्क तिच्याच नाण्यात भरावं लागतं, आणि ते नाणं केंद्राच्या लेखी अमान्य पण करपात्र. आदिवासी मुलाचा दाखला खरा ठरवायला जे चालतं ते फुलाहून हलकं कसं, हा प्रश्न मी अण्णांना विचारला. ते म्हणाले, "तो वेगळा विभाग आहे."

रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपयाही आहे. १ डिसेंबर २०२२ पासून लोकांसाठी प्रयोग सुरू आहे. त्यात पन्नास पैशांचं नाणंसुद्धा आहे, त्याच्यावर व्याज नाही, आणि तो देताना दुकानदाराचा तोच यूपीआयचा क्यूआर स्कॅन करता येतो. मग यूपीआयनेच का देऊ नये, याचं उत्तर मला अजून एकाही दुकानदाराकडून मिळालेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, चर्चापत्राचा. आर्थिक व्यवहार सचिव अजय सेठ यांनी मे २०२२ मध्ये सांगितलं की क्रिप्टोबाबत सल्लामसलतीचा कागद, म्हणजेच चर्चापत्र, जवळजवळ तयार आहे. २०२३ मध्ये जी-२० चं अध्यक्षपद आपल्याकडे होतं. नाणेनिधीने सप्टेंबरमध्ये आपला कागद सादरही केला, म्हणजे साऱ्या जगाला नियम सुचवून झाले. २०२४ मध्ये सेठ म्हणाले, सप्टेंबरपर्यंत चर्चापत्र येईल. सप्टेंबर आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कळलं की इतर देशांची भूमिका बदलते आहे, म्हणून चर्चापत्राचा फेरविचार सुरू आहे. अजून न निघालेल्या कागदाचा फेरविचार! अण्णांनी इथे उठून नमस्कार केला.

सप्टेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने पाहिलेल्या एका सरकारी कागदाने सगळं उलगडलं. नियम केले तर या व्यवहाराला प्रतिष्ठा मिळेल, तो वाढेल आणि वित्तव्यवस्थेत भिनेल. बंदी घातली तर लोक आपापसात करायचे ते करतच राहतील. म्हणून सर्वंकष कायदा नको, असा त्याचा रोख. महिनाभराने दोह्यात वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी सांगून टाकलं की आम्ही बंदी घालत नाही, भारी कर लावतो. म्हणजे न ठरवणं हेच ठरलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी वझीरएक्समध्ये अडकलेल्या त्या साध्या गुंतवणूकदाराला कुणी तरी कळवायला हवं होतं. क्रिप्टोच्या जाहिरातीखाली निदान बारीक अक्षरं आहेत, सरकारच्या धोरणाखाली तीही नाहीत.

तोपर्यंत ज्या वाचकांकडे असली नाणी असतील त्यांनी प्राप्तिकर विवरणपत्रात 'शेड्यूल व्हीडीए' न चुकता भरावं. खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, किंमत आणि उत्पन्न, सगळे रकाने आहेत. तोटा झाला असेल तर उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहायचं, अशी सूचना तिथे छापलेली आहे.