कालामातेचा प्रसाद

कालामाता, ग्रीस

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी तुझ्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. कालामाता ही देवी नाही, शहर आहे. इथली काळी ऑलिव्ह बरण्यांत बसून जगभर फिरतात. तेव्हा ओटी कशाने भरायची याची काळजी सोड. आंबिवलीत अर्ध्या चाळीला तू 'मुलगा-सून दर्शनाला गेलेत' असं सांगून बसली असशील, तर राहू दे. दर्शन झालंच, एका म्हातारीचं झालं इतकंच.

सुनेचे आजोबा 1950च्या दशकात बोटीने मेलबर्नला गेले. त्यांची चुलतबहीण अजून इथल्या डोंगरातल्या गावी असते. वय 88, आवाज आपल्या तात्यांचा. आजीला इथे 'याया' म्हणतात. सुनेला आपलं मूळ शोधायचं होतं, छोटीला समुद्र हवा होता, मला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्याच जेवणाला घोटाळा झाला. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेले दोल्मादेस आले, अळूवडीचे न तळलेले चुलतभाऊ म्हण. पोट भरल्यावर मी हात आडवा धरून 'नै, नै' म्हणालो. यायाने चार वाढले. मी जोरात 'नै हो!' म्हणालो, तिने आणखी सहा. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', हे सुनेने मला मी चौदा संपवल्यावर सांगितलं. हसत होती, बाबा. शेवटी जीव नकोसा होऊन मी मान वर उडवून 'च्च' केलं आणि याया जागच्या जागी थांबली. नाही म्हणायची इथली रीत हीच! आपल्याकडच्या रिक्षावाल्यांना ग्रीक येतं, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी 'व्लीता' नावाची खास गावरान भाजी म्हणून जे पानात आलं, तो माठ होता. सरळ सरळ माठ. उकडलेला, वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. फोडणी नाही, मिरची नाही. तेल मात्र असं की तेवढ्यात आईचं महिन्याचं तळण होईल. पिठाच्या दोऱ्या वळून तळलेली ललांगिया म्हणजे तिखट घालायला विसरलेली कडबोळी. छोटीने ती मधात बुडवून फस्त केली.

मग मूळ. नगरपालिकेत मुलग्यांची वेगळी नोंदवही असते. सैन्यभरतीला कोण कधी लागायचा, ते सरकारला कळावं म्हणून. सुनेचे पणजोबा तिच्यात निघाले, वळणदार अक्षरात. सूनबाईंचे डोळे भरून आले. मग तिने पणजीचं नाव शोधायला घेतलं. ते अर्थातच त्या वहीत नव्हतं, आणि दुपारभर त्याचा जाब मला द्यावा लागला.

संध्याकाळी याया माझ्याकडे वळली. 'तीनोस ईसे?' म्हणजे, कुणाचा रे तू? बाबांचं नाव सांगितलं. त्यांचे वडील? आजोबांचं सांगितलं. त्यांचे? बाबा, मला पणजोबांचं नाव आठवेना. खरं म्हणजे कधी ठाऊकच नव्हतं.

अब्रू वाचवायला मी इतिहास काढला. आमच्या जुन्नरला, शिवनेरीच्या लेण्यांत, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंना भोजनमंडप दान दिलाय. इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याची दोन टाकी दिली. कार्ल्याचे कितीतरी खांबही यवनांचेच. यवन म्हणजे नक्की ग्रीकच का, यावर विद्वानांची जुंपलेली असते. ते मी यायासमोर काढलं नाही. वर आपलं कल्याणही सांगितलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात ते 'कल्लिएना' म्हणून आलंय. तिथे चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला धाडत. म्हणजे कल्याणला अडकून पडणं कसारा लोकलने सुरू केलेलं नाही.

यायाने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'त्या भोजनमंडपात जेवायला काय असायचं?' म्हटलं, ते कोरलेलं नाही. 'मग कोरलं काय?' म्हणाली, आणि पुन्हा पणजोबांवर आली.

तेव्हा बाबा, एक काम करा. त्र्यंबकेश्वरला आपल्या उपाध्यायांच्या नामावळीत आपलं घराणं असणार. कसाऱ्याची गाडी आपल्याच स्टेशनवरून जाते, पुढे जीप मिळते. पणजोबांचं नाव उतरवून आणा. पणजीचंही मिळालं तर फार बरं, सुनेसमोर तोंड वर करता येईल. रविवारी पुन्हा जेवायला बोलावलंय, त्याआधी फोन करा.

छोटीचा सा. न.

आपला,
बाळू

ता. क. आई, काल मी यायाच्या माठाला लसूण-हिंगाची फोडणी दिली. तिने एक घास खाल्ला आणि मान वर उडवली.