उदाहरण सुटण्यापूर्वीची शास्त्रोक्त तयारी

संभाव्यता आणि भूमिती ही दोन वेगळी संकटे आहेत, हा समज दहावीच्या विद्यार्थ्याने प्रथम सोडावा. मंडळाने एक 'भाग १'मध्ये ठेवले आणि दुसरे 'भाग २'मध्ये. गुण मात्र दोन्हीकडे एकाच सवयीपायी जातात : जे दिलेले नाही, ते दिलेलेच आहे असे धरून चालणे. समजा, प्रश्न असा आहे : बेलापूर–पेंधर मेट्रो मार्गावरील बेलपाडा स्थानकात चढलेल्या प्रवाशाने उतरण्याचे स्थानक यादृच्छिक पद्धतीने निवडले, तर तो पेंधरच्या दिशेने जाण्याची संभाव्यता किती? दिशा दोनच, म्हणून १/२ लिहून पेन खाली ठेवण्याची प्रथा आहे. तिने वेळ वाचतो, आणि तपासनिसाचे गुणही. नमुना अवकाश लिहिण्याचे कष्ट घेतले तर दिसते की, मार्गावर स्थानके ११, चढलो ते वजा जाता १०. बेलापूरकडे २ आणि पेंधरकडे ८. उत्तर ४/५. यावर आक्षेप येतो की, बेलापूरला लोकल धरणारेच जास्त असतात. रास्त आहे, म्हणून तर पाठ्यपुस्तक 'समसंभाव्य' हा शब्द वापरते. लोकल धरणारा प्रवासी यादृच्छिक नसतो, घाईत असतो. १/२ वाल्यांनी मात्र खचू नये. दोन नाणेफेकींत निदान एक छापा पडण्याची संभाव्यता २/३ आहे, असे दालाँबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली विश्वकोशात छापले होते. ती ३/४ आहे.

भूमितीत हीच सवय डोळ्यांत शिरते. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे १ गुंठा. बाजू दुप्पट केली की २ गुंठे, असे डोळा सांगतो. ६६ गुणिले ६६ म्हणजे ४,३५६ चौरस फूट, चांगले ४ गुंठे. सिडकोने घेतलेल्या जमिनीपोटी परत मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडांचा हिशेब घराघरांत झालेल्या बेलापूर–पेंधर पट्ट्यात तरी ही चूक शोभत नाही : एकरामागे ५ गुंठे, सामाजिक सुविधांचे पावणेचार टक्के गेले की साडेतीन. पोरांपेक्षा आजोबांचे गणित इथे पक्के असायचे. आकृतीत कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून पायथागोरसाला बोलावू नये. खूण नसेल तर तो येत नाही. 'पण कोनमापकाने ९० अंशच भरला!' भरू द्या. छापखान्याने काढलेली आकृती हा पक्ष नव्हे. कोनमापकाला मान फक्त भौमितिक रचनांच्या प्रकरणात आहे, आणि तिथेही पेन्सिलीला टोक केलेले असावे.